बुधवारची हार

वॉरेनफील्ड, इलिनॉय
रविवार, दुपार

प्रिय पप्पा,

जय भीम.

कागदाचं पत्र बघून घाबरू नका, मला कॉलेजातून काढलेलं नाही. काढणार होते, पण ते ऑगस्टमध्ये, आणि ते मिटलं. पत्र अशासाठी की तुम्ही फोनवर सापडत नाही. फोन केला की "हां, बरा आहेस ना, आईला देतो" म्हणता आणि फोन आईच्या हातात जातो. मेसेज केला की तुम्ही अंगठा पाठवता. परवा मी मुद्दाम लिहिलं की मी टक्कल केलंय आणि हत्तीवर बसून क्लासला जातो, तर त्यालाही अंगठा आला. कागदाचं तसं नाही. लिहिलेला कागद हातात आला की तुम्ही तो शेवटपर्यंत वाचता, मग तो भेळेच्या पुडीचा का असेना. तेव्हा चष्मा लावा आणि बसा.

आधी एक सांगून टाकतो. सिटिझनशिपच्या इंटरव्ह्यूला काय झालं ते मला माहीत आहे. आईने सांगितलं. तिच्यावर चिडू नका, मी तिच्याकडून काढून घेतलं, आणि मी कसं काढतो ते तुम्हाला माहीत आहे. त्या ऑफिसर बाईने फॉर्मवरचा एक प्रश्न वाचला, की तुम्ही कधी अट्टल दारुडे होता का. ती तो सगळ्यांना विचारते. पण समोर बसलेल्या माणसाने शाळेमागचं देशी दारूचं दुकान उठवायला वस्तीतल्या बायकांना घेऊन अकरा दिवस रस्त्यावर बसून काढलेत, हे तिला कुठून माहीत असणार. तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवला, "आय ॲम अ हेडमास्टर" एवढं म्हणालात, आणि त्यानंतर तिच्या एकाही प्रश्नाला उत्तर दिलं नाही. सगळे प्रश्न पाठ असलेला माणूस गप्प बसून नापास झाला. पप्पा, खरं सांगू? ऐकल्यावर मी आधी हसलो, मग मला तुमचा लय अभिमान वाटला, आणि मग टेन्शन आलं. याच क्रमाने.

टेन्शन याचं की तुम्ही परत जाणारच नाही म्हणता. दुसरी तारीख चौदा नोव्हेंबर आहे, ते पत्र तुम्ही बॅगेच्या तळाशी टाकलंय. संघमित्राताईला सांगितलंत की फाइल लांबली म्हणून पुढची तारीख दिली. आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही पोरीशी अर्धं खरं बोललात. आणि आईला म्हणालात की एकतीस वर्षं मी दुसऱ्यांना पास-नापास केलं, आता एका परीक्षेला दोनदा बसणार नाही, त्यापेक्षा नागपूरला जाऊन राहू. तुम्ही गेलात तर आई पण येणार, ती काही तुम्हाला एकटं सोडायची नाही. आणि शुगर लँडला ताईच्या घरात रुही शाळेतून आली की तिचं दप्तर काढायला आजी नसणार. इतकं सगळं एका दारुड्याच्या प्रश्नावरून, आणि तोही न पिणाऱ्या माणसाला विचारलेला.

यावर मी लगेच काही बोलत नाही. मी बोलायला लागलो की तुम्हाला माझे मार्क आठवतात. त्यापेक्षा तुम्हाला एक फुटबॉलची टीम सांगतो. इथला फुटबॉल, हाताने खेळतात तो.

ऑगस्टमध्ये काय झालं, तर या कॉलेजच्या फुटबॉल टीमला सकाळी सहाला प्रॅक्टिस असते आणि माझी खिडकी नेमकी मैदानावर उघडते. कोचची शिट्टी म्हणजे आपल्या शाळेच्या घंटेची मोठी बहीण. दोन आठवडे सहन केलं. मग कोचचा आवाज काढून टीमच्या ग्रुपवर एक व्हॉइस मेसेज टाकला, की पोरांनो, तुम्ही फार मेहनत केलीत, उद्या झोपा. चौऱ्याऐंशी पोरं झोपली. कोच एकटा मैदानात उभा राहून अर्धा तास शिट्टी मारत होता, आणि मी त्याला खिडकीतून बघत होतो. इतका एकटा माणूस मी पाहिला नव्हता. मला वाईट वाटलं, पण झोप पण आली.

डीन बाईने बोलावलं. तिने तो मेसेज तीनदा ऐकला आणि तिसऱ्यांदा तोंडासमोर फाइल धरली. काढून टाकण्याचा विषय निघाला, मग कोचच मध्ये पडला. तो म्हणाला, हा पोरगा आवाज इतका हुबेहूब काढतो तर मला कामाचा आहे. आता दर मंगळवारी मी मैदानात उभा राहून पुढच्या शनिवारी येणाऱ्या टीमचा मुख्य खेळाडू जसा ओरडून इशारे देतो तसा ओरडतो, म्हणजे आपल्या पोरांना सवय होते. आणि डीनने शिक्षा दिली ती वेगळी. लायब्ररीच्या तळघरात चाळीस तास बसायचं, जुन्या खेळांची खोकी लावायची, आणि १९०४ सालच्या टीमवर चार पानं लिहायची. ती टीम एकही मॅच हरली नव्हती. होमकमिंगला, म्हणजे जुने विद्यार्थी कॉलेजात परत येतात त्या दिवशी, त्यांच्या नावाची पाटी लागणार होती. चार पानं, पप्पा. सलग चार पानं मी आजवर फक्त माफीनाम्यात लिहिली आहेत.

तळघरात मिसेस लिंडक्विस्ट नावाच्या बाई आहेत, सत्तरीच्या, थर्मासमधून कॉफी पितात आणि मला सॅट म्हणतात. पहिल्या दिवशी त्यांनी मला पांढरे हातमोजे दिले आणि सांगितलं की इथे विनोद करायचा तर हातमोजे काढून करायचा. तेव्हापासून आमचं जमलं.

ती टीम ऐका. कॉलेजात सगळी मिळून नव्वद पोरं, त्यातली निम्मी शेतकऱ्यांची. मक्याची कापणी आली की वर्ग ओस. मैदान म्हणजे गाईंचं कुरण, मॅचच्या आधी शेण उचलायची पाळी लागायची, ती यादीसुद्धा सापडली मला. हेल्मेट नाही. डोकं वाचावं म्हणून पोरं उन्हाळ्यापासून केस वाढवायची, फोटोत सगळे असे दिसतात की गावाचं न्हाव्याशी भांडण झालंय. नाकावर रबराची टोपी बांधायचे, ती दातात धरायची. आणि नियम असा की एकदा मैदानाबाहेर गेलेला परत आत येऊ शकत नाही, म्हणून बोट मोडलं तरी बाहेर कोणी जायचं नाही. अकरा जण सुरुवातीपासून शेवटपर्यंत, बस. बॉल पुढे फेकायला तेव्हा बंदी होती. घेऊन पळायचं, समोरच्याने पाडायचं. शेवटची रेष ओलांडली की पाच पॉइंट, वर लाथेने बॉल खांबांमधून मारला की आणखी एक. कबड्डीसारखंच, फक्त श्वास घ्यायला परवानगी.

नऊ मॅच, नऊ विजय. एक हायस्कूलच्या पोरांशी होती, ती सोडून द्या. एक रेल्वे वर्कशॉपच्या कामगारांशी, ते हातोडा मारून मारून नुसते दंड झाले होते. एक दातांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजाशी. त्यात दोन्हीकडचे मिळून सहा दात पडले, आणि मॅच संपल्यावर हरलेल्यांनी दोन्हीकडच्यांचे तपासून दिले, असं पेपरात छापून आलंय. पण सगळ्यात डेंजर टीम कोणाची होती, सांगा? मास्तर घडवणाऱ्या कॉलेजची. सहा-सहा फुटी भावी हेडमास्तर. त्यांची एक चाल होती, तिच्यापुढे त्या वर्षी कोणी टिकलं नव्हतं. आपल्याकडे कबड्डीत दोघं-तिघं हात धरून साखळी करतात ना, यांनी तिला चाकं लावली होती. पुढे सगळ्यात जाड पोरगा, त्याच्या मागे बॉलवाला, आणि मागून सात जण एकमेकांच्या कमरेला धरून ढकलणार. समोर उभं राहून अडवायचं म्हणजे भरली बैलगाडी छातीने अडवायची.

आपल्या अकरांचा कॅप्टन वॉल्टर हेग. फोटोत मधोमध बसलाय, बॉल मांडीवर. कॉलेजात पाऊल टाकल्यापासून तो एकही मॅच हरला नव्हता, अभ्यासात पहिला, वादविवादात पहिला. असा माणूस मी घरात पाहिलेला आहे, त्यामुळे मला ओळख पटायला वेळ लागला नाही.

चौथ्या खोक्यात मला एक वही सापडली. कॅप्टनची नाही. ओटिस ब्रँडव्होल्ड नावाच्या पोराची. हा कोण, तर स्क्रब लोकांचा म्होरक्या. स्क्रब म्हणजे दुसरी अकरा. यांनी कधी मॅच खेळायची नाही. यांचं काम एवढंच की सोमवार ते शुक्रवार मुख्य अकरांसमोर उभं राहायचं आणि आपटून घ्यायचं, म्हणजे त्यांचा सराव होतो. यांना फोटोत घेत नाहीत. पेपरात नाव येत नाही. आता मंगळवारी मी ज्यांच्यात उभा असतो ते हेच, आता त्यांना स्काउट टीम म्हणतात, पण अंग तितकंच दुखतं. ओटिसच्या वहीत रोजची नोंद आहे. आज त्यांनी आम्हाला चौदा वेळा पाडलं. आज एकवीस. आज लार्सचं खांद्याचं हाड सरकलं, गुरांच्या डॉक्टरने बसवलं. कुठे रडगाणं नाही, कुठे तक्रार नाही. मध्येच एखादी ओळ, की वॉल्टर डावीकडे वळायच्या आधी जीभ बाहेर काढतो. रोज मार खाता खाता या पोरांनी मारणाऱ्यांचा अभ्यास केला होता. मी वाचता वाचता उभा राहिलो, पप्पा. मी कधी काही वाचताना उभा राहत नाही, झोपतो.

मास्तरांच्या मॅचच्या आधीच्या शनिवारी ओटिस एकटा ट्रेनने गेला, त्यांची मॅच कुंपणावर बसून बघितली, आणि ती साखळी पेन्सिलने वहीत काढून आणली. कोण कुठे, कोणाचा हात कोणाच्या कमरेला, सगळं. सोमवार-मंगळवार स्क्रबांनी ती गोठ्यामागे बसवली. आणि २६ ऑक्टोबरला, बुधवारी, सरावात ती मुख्य अकरांवर सोडली.

पाच-शून्य. स्क्रब जिंकले. अख्ख्या वर्षात ज्यांना कोणी हरवलं नाही त्यांना त्यांच्याच घरच्या मार खाणाऱ्यांनी हरवलं. वहीत फक्त दोन वाक्यं आहेत. आज आम्ही पाच, ते शून्य. कोणी ओरडलं नाही.

गुरुवारी वॉल्टर जेवायला आला नाही, वर्गाला आला नाही. खोलीचं दार लावून बसला. बाकीच्या दहांपैकी कोणाचा पाय दुखायला लागला, कोणाचं पोट. चार वाजता मैदानात स्क्रब अकराच्या अकरा रांगेत उभे, आणि समोर रिकामं कुरण. ओटिस लिहितो, आम्ही तरी आलो.

इथे मी वही बंद केली आणि मिसेस लिंडक्विस्टकडे अर्धा कप कॉफी मागितली, कारण मला आपल्या शाळेचा फळा आठवला. तुमच्या शाळेचा दहावीचा निकाल सलग सहा वर्षं शंभर टक्के होता. सातव्या वर्षी एक पोरगं गणितात उडालं, आणि ते नेमकं हेडमास्तरांचं निघालं. क्लार्क म्हणत होते की सर, यंदा नापासांची यादी नको लावायला, एकच तर नाव आहे. तुम्ही खडू घेतला आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं, सत्यजित शंकरराव रामटेके, गणित. खाली रेघ मारली. मी गेटाबाहेर सायकल घेऊन उभा होतो, मला वाटलं आता बाहेर येऊन कानाखाली वाजवणार. तुम्ही आलात आणि दोनच शब्द बोललात. "परत बस." मग महिनाभर रोज संध्याकाळी मैदानाला चकरा मारत तुम्ही मला समीकरणं विचारली. मी चुकलो की एक चक्कर वाढायची. पोरं हसायची, की हेडमास्तरांचं पोरगं फिरून फिरून पास होणार. झालो पण. छत्तीस मार्क. तुम्ही ते छत्तीस असे सांगत फिरलात जसे काही छत्तीस गुणांनी मी बोर्डात आलो. तुमचा सहा वर्षांचा विक्रम मी मोडला, पण तुम्ही ते एकदाही बोलून दाखवलं नाही. ना तेव्हा, ना भांडणात. माझ्या हातून हे झालं नसतं. मी तर दर दिवाळीला काढलं असतं.

तर गुरुवार. साडेचारला वॉल्टर आला. एकटा. नाकावर टोपी नाही, काही नाही. स्क्रबांसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "ते कालचं परत करा." ओटिसने विचारलं, तू एकटा? तो म्हणाला, हो. स्क्रबांनी साखळी केली आणि त्याच्या अंगावरून गेले. तो उठला आणि म्हणाला, परत. परत गेले. पाचव्या वेळी त्याचा कान फाटला. सहाव्या वेळी स्क्रबांपैकी एक जण रडायला लागला, की मी नाही करत. वॉल्टरने त्यालाच समजावलं. सातव्या वेळी वॉल्टर उभा राहिलाच नाही. साखळी जवळ आली तसा तो खाली गेला आणि पुढच्या जाड्याचे दोन्ही घोटे धरले, आपल्याकडे कबड्डीत रेडरचे धरतात तसे. जाडा पडला, त्याच्यावर सगळी साखळी कोसळली. ओटिस लिहितो: वॉल्टर खाली, आम्ही सगळे वर, आणि खालून हसण्याचा आवाज येत होता.

बाकीचे दहा हॉस्टेलच्या खिडक्यांतून बघत होते. एक एक करत खाली आले. पाय दुखणारा सगळ्यात आधी. शुक्रवारी सगळे मिळून तेच खेळले, स्क्रब शिकवत होते आणि मुख्य अकरा शिकत होते. शनिवारी मास्तरांनी साखळी नऊ वेळा लावली आणि नऊ वेळा ती तोंडावर पडली. सहा-शून्य. स्क्रब कुंपणावर बसून बघत होते.

त्या संध्याकाळी वॉल्टर सगळ्यांसमोर बुधवारचं सांगायला उठला होता. स्क्रबांनीच त्याला बसवलं. वहीत शेवटच्या पानावर लिहिलंय की बुधवारचं बाहेर बोलायचं नाही, असं आमचं ठरलं आहे. खाली अकरा सह्या. लार्सची डाव्या हाताने, उजवा खांदा बांधलेला होता ना.

एकशे वीस वर्षांनी ते पान हातमोजे घातलेल्या माझ्या हातात आलं. आता माझा स्वभाव तुम्हाला माहीत. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, भिजला तरी मी तो बाहेर काढून सगळ्यांना दाखवतो. होमकमिंगच्या मांडवात तीनशे लोक, पाटीवर "अपराजित" कोरलेलं, आणि मी माइकवर म्हणणार की थांबा, एकदा हरले होते. काय मजा आली असती. आधीचा सत्यजित असता तर ड्रम वाजवून सांगितलं असतं. मिसेस लिंडक्विस्टना दाखवलं. त्यांनी वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, ठरवायचं तू, पण सह्या बघ आणि मग ठरव. मी बघितल्या. ज्यांना मिरवायचा सगळ्यात जास्त हक्क होता त्यांनीच नाही मिरवलं, तर मी कोण? काल मांडवात चार पानं वाचली. त्यात तीन पानं स्क्रबांची होती, अकराही नावं होती, लार्सचा खांदा होता. बुधवार नव्हता. नावं संपल्यावर मागच्या बाजूने टाळ्या सुरू झाल्या, वळून बघितलं तर आमची स्काउट टीम उभी होती, पट्ट्या बांधलेली, सगळीच्या सगळी. कोच येऊन माझ्या पाठीवर असा हात मारून गेला की मी अजून वाकडा बसलोय. वही मी जिथून काढली तिथेच ठेवली. कॉलेजात ती गोष्ट दोघांनाच माहीत आहे, घरात आता तुम्हाला.

प्रफुल्लकाकांनी शॉमबर्गहून गाडी काढून माझं भाषण ऐकलं, आणि घरी जाताना म्हणाले की अगदी शंकररावांसारखा उभा राहतोस, पोट पुढे काढून. तुम्हाला कळवायला सांगितलंय.

आता हे पत्र का लिहिलं ते. गेलं वर्षभर तुम्ही आईला समोर बसवून तुमच्या दोघांच्या इंटरव्ह्यूची तयारी करत होता. मी सुट्टीत आलो तेव्हा बघितलंय. तुम्ही खुर्चीत, ती खाली मटार सोलत. प्रश्न तुम्ही विचारायचे, तिने अडखळत उत्तर द्यायचं, मग तुम्ही ते नीट करून ठणकावून सांगायचं. तिला तुम्ही रोज दहापैकी चार द्यायचे, एकदा खुशीत साडेचार दिले होते. आठवी शिकलेली बाई, रुहीच्या पहिलीच्या पुस्तकातून इंग्रजी जुळवत होती. इंटरव्ह्यूच्या दिवशी तुम्ही आधी आत गेलात आणि बाहेर येऊन बसलात, तुमच्यानंतर अर्ध्या तासाने ती त्याच बाईकडून बाहेर आली. तिने तुमचा चेहरा बघितला, हातातला कागद पर्समध्ये घातला आणि म्हणाली, मलाही पुढची तारीख दिली. आणि पप्पा, तुम्हाला त्याचं नवल वाटलं नाही. ती पास झाली आहे. सगळ्यात पास. दारुड्याचा प्रश्न आला तेव्हा म्हणाली, "नो मॅडम. माय ब्रदर, यस." ऑफिसर बाई पेन खाली ठेवून हसली म्हणे. तिच्या शपथविधीचं पत्र आलंय, सात नोव्हेंबर, सकाळी नऊ. ते तिने शिवणाच्या डब्यात ठेवलंय आणि ती जाणार नाही म्हणते. तुम्ही नाही तर ती नाही. हे तिने मला बाथरूमचा नळ सोडून फोनवर सांगितलं आणि कोणाला बोलणार नाही असा शब्द घेतला. ओटिसच्या पोरांचं गुपित मी पाळलं, कारण ते कोणाच्या आड येत नव्हतं. हे तिच्याच आड येतंय, म्हणून मोडतो. चिडायचं तर माझ्यावर चिडा. चिडून झालं की स्वयंपाकघरात जा, चारच्या सुमाराला ती रुहीसाठी काहीतरी करत असते. तिला विचारा त्या खोलीत काय होतं. तुम्ही खुर्चीत बसू नका, तिला बसवा, आणि तो प्रश्न तिला विचारू द्या. त्या बाईचा आवाज ती असा काढते की मी फोनवर लोळलो, माझ्यात हे कुठून आलं ते मला एकवीस वर्षांनी कळलं. पहिल्यांदा तुम्हाला राग येईल, दुसऱ्यांदा पण येईल. तिला सांगा, परत. चौदा तारखेचं मग तुम्ही दोघं बघून घ्या, मला त्यात कळत नाही. सात तारखेला मात्र तिच्याबरोबर जा. घरच्यांना बसायला मागे खुर्च्या असतात, त्यातल्या पहिल्या रांगेतली धरा. तिचं नाव पुकारलं की टाळ्या वाजवा, हेडमास्तर वाजवतात तशा दोन बोटांनी नाही, तिच्या नवऱ्यासारख्या, तिने वळून बघेपर्यंत.

तुमचाच,
सत्यजित